फंक्शनला पूर्ण नोड द्यायचा म्हणजे नेमकं काय द्यायचं

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दारव्ह्याकडचे, जिनिंगच्या कापूस खरेदीच्या पावत्या एक्सएमएलमधून छापून राहिले म्हटल्यावर उत्तर द्यायला बसलोच, कारण घाटंजीत बसून मी बरीच वर्षं हेच करतो, आणि तुम्ही ज्या तीन ठिकाणी अडकले त्या तिन्ही ठिकाणी मी आधी पडून आलेलो आहे.

बाकीच्यांना समजावं म्हणून प्रश्न परत सांगतो. एका पावतीत कास्तकाराचं नाव, गाव, आणि खाली दोन-चार गाड्या, प्रत्येक गाडीचं वजन वेगळं, भाव वेगळा. डॉट नेटचा नेहमीचा ट्रान्सफॉर्म वापरला आहे, स्टाइलशीट (एक्सएमएलमधून छापायचं पान कसं बनवायचं ते सांगणारी फाइल) एक्सएसएलटी १.० ची. त्यातून सी शार्पमध्ये लिहिलेल्या स्वतःच्या फंक्शनला पावतीचा नोड, म्हणजे पावतीचा टॅग आतल्या सगळ्यासकट, द्यायचा, फंक्शननं एकूण रक्कम काढून अक्षरी रुपये परत द्यायचे. पहिल्यांदा फंक्शनमध्ये स्ट्रिंग घेतली तर नाव, गाव, वजन, भाव सगळं चिकटून एकच लांबलचक मजकूर आला. मग एक्सपाथनोडइटरेटर, म्हणजे नोडवर एकेक करून फिरणारा टाइप, घेतला तर एन्युमरेशन सुरूच झालेलं नाही असा एरर. मग कोणीतरी सांगितलं म्हणून नोड आधी व्हेरिएबलमध्ये कॉपी करून दिला, तर आता गाड्या दिसतात पण कास्तकाराचं गाव सापडत नाही. आणि तुम्ही विचारता की सी शार्पमध्ये कोणता टाइप लिहू.

टाइप सांगतो, पण खरी गोष्ट टाइपची नाही. स्टाइलशीटच्या बाजूनं तुम्ही काय हातात देऊन राहिले हे आधी ठरलं पाहिजे, टाइप त्याच्या मागं आपोआप येतो.

आपल्या यार्डातलंच उदाहरण घ्या. मापाऱ्याला तुम्ही तीन प्रकारे काम सांगू शकता. एक, चिठ्ठीवर वजन लिहून द्यायचं, साडेआठ क्विंटल, बस. त्याला गाडी कोणाची, कुठं उभी, काही माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. दोन, त्याला सांगायचं की तिसऱ्या लाइनीतल्या गाड्या पाहून ये. मग तो तिथं जाईल, वजन पाहील, भाव पाहील, गाडी कोणाची ते विचारेल, मागं कोण उभं आहे तेही पाहील. तीन, गाडीतून मूठभर कापूस पुडीत बांधून ऑफिसात आणून द्यायचा. कापूस तोच आहे, पण पुडीला विचारलं की तू कोणत्या गाडीतली, तर पुडी काय सांगणार?

चिठ्ठी म्हणजे स्ट्रिंग किंवा नंबर. लाइनीचा पत्ता म्हणजे नोड-सेट. आणि पुडी म्हणजे तो व्हेरिएबलमध्ये कॉपी केलेला तुकडा, ज्याला १.० च्या भाषेत रिझल्ट ट्री फ्रॅगमेंट म्हणतात. तुमचे तिन्ही प्रयत्न म्हणजे आधी चिठ्ठी मागितली, मग पत्ता घेतला पण तिथं गेलेच नाही, मग पुडी आणली.

आता एकेक पाहू.

पहिला प्रयत्न, स्ट्रिंगचा. एक्सपाथ १.० मध्ये, म्हणजे स्टाइलशीटमध्ये नोडचा पत्ता ज्या भाषेत लिहितो तिच्यात, मुळात चारच प्रकार आहेत, नोड-सेट, स्ट्रिंग, नंबर आणि बूलियन, आणि एक्सएसएलटीनं त्यात तो फ्रॅगमेंट पाचवा घातला. १९९९ मध्ये हे दोन्ही स्टँडर्ड आले तेव्हापासून नियम असा की नोड-सेटची स्ट्रिंग करायला सांगितली तर डॉक्युमेंटच्या क्रमानं त्यातला फक्त पहिला नोड घ्यायचा, आणि तो एलिमेंट असेल तर त्याच्या पोटात जेवढा मजकूर आहे, नातवंडं-पतवंडं सगळी धरून, तो एकापुढं एक जोडायचा. मधे स्पेस नाही, स्वल्पविराम नाही, असेल तर फाइलमधलीच एंटर आणि टॅब. तुमच्या फंक्शनचं पॅरामीटर स्ट्रिंग आहे हे पाहून प्रोसेसरनं तुमच्यासाठी हेच करून दिलं. तो चुकला नाही, तुम्ही जे मागितलं ते त्यानं दिलं.

यातलं चिकटलेलं नाव-गाव लगेच डोळ्यात भरतं म्हणून ते बरं. खरा साप आहे तो "फक्त पहिला नोड" मध्ये. समजा तुम्ही पावती न देता वजन दिलं असतं, काम:अक्षरी(गाडी/वजन) असं (काम: हा आपल्या फंक्शनांचा प्रीफिक्स), तर एरर नाही, वॉर्निंग नाही, तीन गाड्यांपैकी पहिल्या गाडीचंच वजन गेलं असतं. मी हे केलेलं आहे. एका जिनिंगसाठी लिहिलं होतं, दसऱ्याच्या पुढं खरेदी सुरू झाली, पहिले काही दिवस सगळं बरोबर, कारण सुरुवातीच्या वेच्याचा कापूस घेऊन येणारा माणूस एकाच गाडीत येतो, आणि एका गाडीत "पहिला नोड" आणि "सगळे नोड" सारखेच. मग एक मोठा कास्तकार तीन गाड्या घेऊन आला आणि त्याच्या पावतीवर एकाच गाडीचे पैसे अक्षरी छापले. आकड्यात बरोबर, अक्षरात चूक. त्यानं ती पावती माझ्यासमोर धरून मोठ्यानं वाचून दाखवली, पूर्ण ऑफिसात. तेव्हापासून नोड-सेट पाठवून स्ट्रिंग घेणारं फंक्शन दिसलं की माझा हात थांबतो.

हिशोब करून पाहा म्हणजे फरक दिसेल. तीन गाड्या, वजन ८.४०, ११.२५ आणि ६.९० क्विंटल. पहिल्या दोन गाड्यांचा भाव ७,१०० लागला, तिसरीत ओल जास्त म्हणून ६,८०० (आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, आजचा भाव म्हणून धरू नका). बरोबर रक्कम १,८६,४३५. फक्त पहिला नोड घेतला तर ५९,६४०. आणि कोणी हुशारी करून वजनांची बेरीज करून पहिल्या भावानं गुणलं तर १,८८,५०५, म्हणजे २,०७० रुपये जास्त, आणि ही चूक तर कोणाच्या लक्षातही येत नाही, दिवाळीनंतर ताळेबंद जुळत नाही तेव्हाच समजते.

आता कोणी म्हणेल की मग फंक्शन पाहिजेच कशाला, एक्सपाथमध्ये बेरजेचं सम आहे की. आहे, पण १.० चा सम फक्त नोड-सेट घेतो, प्रत्येक नोडचा नंबर करतो आणि जोडतो. वजन गुणिले भाव हे प्रत्येक गाडीत वेगळं करून मग बेरीज, हे त्याला एका ओळीत सांगता येत नाही. टेम्प्लेट स्वतःलाच परत परत कॉल करेल असं लिहिता येतं, मी लिहिलंही आहे, पण सहा महिन्यांनी ते वाचताना मलाच घाम फुटतो. २.० पासून हे सोपं झालं, तिथं सममध्येच फॉर लावून प्रत्येक गाडीचा गुणाकार करता येतो, आणि स्टाइलशीटमध्येच स्वतःचं फंक्शन लिहिता येतं, त्याला नोड सरळ देता येतो, बाहेरची भाषाच लागत नाही. पण डॉट नेटचा आतला प्रोसेसर १.० वरच थांबलेला आहे, पायथनचं एलएक्सएमएल आणि पीएचपी ज्यावर चालतात तो लिबएक्सएसएलटीही १.० चाच. २.० किंवा ३.० पाहिजे तर सॅक्सनसारखा प्रोसेसर आणावा लागतो. तुमच्या जिनिंगवाल्याला नवीन काही बसवू द्यायचं नसेल तर फंक्शनच बरं. शिवाय अक्षरी रुपये मराठीत काढायचे म्हणजे शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक शब्द पाठच असतो, एकोणसाठ, शहाऐंशी, काही नियम नाही, शंभर शब्दांची यादीच करावी लागते. ती सी शार्पमध्ये असलेली बरी. लाखाच्या ठिकाणी स्वल्पविराम टाकायचं तेच, १.० चं फॉरमॅट-नंबर जुन्या जावाच्या दशांश फॉरमॅटच्या नियमानं चालतं, त्याला तीन-तीनचेच गट समजतात, आपलं तीन मग दोन-दोन समजत नाही. म्हणजे तुमचं फंक्शन लिहिण्याचं कारण बरोबर आहे, तिथं मी काही बोलणार नाही.

दुसरा प्रयत्न, इटरेटर. हा रस्ता बरोबर होता आणि तुम्ही एक पाऊल आधी थांबले. इटरेटर हातात येतो तेव्हा तो पहिल्या नोडवर उभा नसतो, पहिल्याच्या आधी उभा असतो. मूव्ह-नेक्स्ट म्हटलं की पहिल्यावर जातो. तुम्ही मूव्ह-नेक्स्ट न म्हणता सरळ करंट मागितलं, म्हणून तो एरर. एरर आला हे नशीब समजा, कारण काही इटरेटर, जे तुम्ही स्वतः सी शार्पमध्ये सिलेक्ट करून बनवता, ते अशा वेळी एरर न देता जिथून शोध सुरू केला तो मूळ नोडच देतात, आणि मग माणूस दिवसभर चुकीच्या नोडकडं पाहत बसतो.

म्हणून फंक्शनची चौकट नेहमी अशी: पॅरामीटर एक्सपाथनोडइटरेटर, एकूण शून्य धरायचं, जोवर मूव्ह-नेक्स्ट खरं आहे तोवर फिरायचं, करंटमधून वजन आणि भाव काढायचे, गुणायचे, एकूणात जोडायचे. एकच नोड येणार अशी खात्री असली तरी मी लूपच लिहितो. तो एकच असतो हे आज खरं असतं, उद्या गाडीवाला ट्रॉली जोडून येतो. आणि एकदा शेवटपर्यंत फिरलेला इटरेटर आपोआप मागं येत नाही, दोनदा फिरायचं असेल तर सुरू करायच्या आधीच त्याचा क्लोन काढून ठेवा. करंट कुठं यादीत साठवून ठेवायचा असेल तर त्याचाही क्लोनच साठवा, आणि मूळ करंटला स्वतः इकडंतिकडं हलवू नका.

आता पावती द्यायची, गाडी द्यायची, की वजन आणि भाव वेगळे द्यायचे? इथं परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि दोन जाणते लोक दोन उत्तरं देतील.

वजन आणि भाव वेगळे द्यायची मोठी ओढ असते. काम:गुणबेरीज(गाडी/वजन, गाडी/भाव). दिसायला सुंदर, फंक्शनला टॅगची नावं माहीत असायची गरज नाही, दोन इटरेटर घ्यायचे, सोबत पुढं सरकवायचे, गुणायचं. मी एक पूर्ण सीझन असंच चालवलं. मग एक दिवस एका गाडीचा भाव ठरायचा बाकी होता, हर्रासात ती मागं ठेवली होती, तर त्या गाडीत भावाचा टॅगच नव्हता. वजन चार आले, भाव तीन. दुसऱ्या गाडीला तिसरीचा भाव लागला, तिसरीला चौथीचा, आणि चौथी उपाशी. दोन नोड-सेट एकमेकांना बांधलेले नसतात हे लक्षात ठेवा, ते फक्त योगायोगानं सारख्या लांबीचे असतात. तेव्हापासून ज्या गोष्टी एकत्र जातात त्यांचा बाप पाठवायचा हा माझा नियम, म्हणजे गाडी पाठवायची आणि वजन-भाव आत जाऊन वाचायचे. एखादा नसला तर तिथंच कळतं की या गाडीचा भाव नाही, आणि ती गाडी सोडायची की पावती अडवायची हे ठरवता येतं.

मग पूर्ण पावतीच काहून देऊ नये? देता येते. पण जेवढं वरचं पाठवाल तेवढं फंक्शनला तुमच्या फाइलची रचना पाठ ठेवावी लागते. उद्या गाड्या "आवक" नावाच्या टॅगच्या आत गेल्या तर स्टाइलशीट बदलायला पाच मिनिटं, पण सी शार्प परत बिल्ड करून तिकडच्या कॉम्प्युटरवर नेऊन टाकायचं म्हणजे गाडी काढून जाणं आलं, आणि पोचल्यावर लाइट असेल याची काय हमी. म्हणून रस्ता शोधायचं काम स्टाइलशीटकडं, हिशोबाचं काम फंक्शनकडं. तुमच्या केसमध्ये काम:रक्कम(गाडी) पुरतं. गाव पाहिजेच असेल तर ते दुसरं पॅरामीटर म्हणून साधी स्ट्रिंग द्या, string(गाव) असं स्पष्ट लिहून. हो, स्पष्ट लिहून. प्रोसेसर स्वतः करतो तेच आहे, पण वाचणाऱ्याला दिसतं की इथं मी मुद्दाम चिठ्ठी दिली आहे.

(ते string मी इंग्रजीत लिहिलं हे पाहून हसू नका, स्टाइलशीटमध्ये ते तसंच लिहावं लागतं, बोलताना स्ट्रिंग म्हणा. टॅगची नावं मात्र देवनागरीत खुशाल ठेवा, एक्सएमएलला चालतात. फक्त "व्यापाऱ्याचे" सारख्या नावात तो अर्धा र काही कीबोर्ड लपलेला जॉइनर घालून काढतात आणि जुने पार्सर तो टॅगच्या नावात घेत नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. अर्धा दिवस गेला होता माझा त्यात.)

आत वाचताना एक खड्डा आहे. तुमच्या फाइलला वर डीफॉल्ट नेमस्पेस (xmlns लिहून सगळ्या टॅगना लावलेला पत्ता) असेल, तर स्टाइलशीटमध्ये तुम्ही त्यासाठी जो प्रीफिक्स ठरवला तो फंक्शनपर्यंत येत नाही. नोड येतो, प्रीफिक्स येत नाही. सी शार्पमध्ये करंटवर नुसतं "वजन" शोधलं तर काहीच मिळणार नाही, तिथं नेमस्पेस मॅनेजर वेगळा बनवून परत सांगावं लागतं. याच्यात नवीन माणूस हमखास फसतो, कारण स्टाइलशीटमध्ये तोच पाथ चालत असतो.

तिसरा प्रयत्न, पुडीचा. व्हेरिएबल लिहायच्या दोन पद्धती आहेत आणि दिसायला बहिणी-बहिणी वाटतात. एक, व्हेरिएबलला सिलेक्ट लावून गाडी म्हणायचं. हा पत्ताच राहतो, नोड मूळ फाइलमधलेच, वर गेलं तर पावती, तिथून गाव. दुसरी, व्हेरिएबल उघडून आत कॉपी-ऑफ लिहून बंद करायचं. ही पुडी. प्रोसेसर नवीन छोटं झाड बनवतो, त्यात गाड्यांची नक्कल टाकतो, आणि त्या नकलेला वर बाप नाही, फक्त त्या छोट्या झाडाचं मूळ आहे. म्हणून तुम्हाला गाड्या दिसल्या, गाव दिसलं नाही. गाव हरवलं नाही भाऊ, ते पुडीत बांधलंच नव्हतं.

वरून १.० मध्ये या पुडीवर पुढं पाथ चालवता येत नाही, आधी नोड-सेट नावाच्या फंक्शननं तिला पुन्हा नोड-सेट करावं लागतं, मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं एक आहे आणि ईएक्सएसएलटी नावाच्या जोडफंक्शनांच्या संचाचंही एक आहे. त्यानं पाथ चालतो, पण बाप परत येत नाही. २.० मध्ये ही अट काढून टाकली, तरी नक्कल ती नक्कलच. तुमच्या कामाला कॉपी-ऑफ काढा, सिलेक्ट लावा, किंवा व्हेरिएबलच नको, सरळ फंक्शनमध्ये गाडी लिहा. पुडी कधी पाहिजे? जेव्हा तुम्ही स्वतः नवीन नोड बनवले, म्हणजे मूळ फाइलमध्ये नसलेल्या कपातीच्या ओळी, हमाली-तोलाई, त्या फंक्शनला द्यायच्या असतात तेव्हा.

आता नंबरांचं. फंक्शनला वजन नंबर म्हणून दिलं तर ते डबल म्हणून, म्हणजे दशांश अंदाजे ठेवणाऱ्या प्रकारात, जातं, एक्सपाथला दुसरा नंबर माहीतच नाही. सी शार्पमध्ये पॅरामीटर डेसिमल लिहिलं तरी वाटेत डबलच होऊन येतं, म्हणजे पैशासाठी डेसिमल घेतला असं मनाचं समाधान फक्त. नोड पाठवायचा हाही एक फायदा, आत व्हॅल्यूचा मजकूर घ्या आणि तिथं स्वतः डेसिमल करा, कल्चर इन्व्हेरियंट देऊन, म्हणजे कॉम्प्युटरची भाषा कोणतीही असो, आकडा सारखाच वाचला जातो. फाइलमध्ये कोणी १,८६,४३५ असं स्वल्पविराम घालून ठेवलं असेल तर एक्सपाथ त्याचा नंबर करू शकत नाही, एनएएन, म्हणजे "हा नंबर नाही", असं येतं, आणि सममध्ये एक एनएएन आला की पूर्ण बेरीज एनएएन. देवनागरी आकडे असतील तरी तेच, एक्सपाथलाही समजत नाहीत आणि सी शार्पच्या पार्सलाही नाही. स्टाइलशीटमध्ये ट्रान्सलेट लावून दहा आकडे बदलून घ्या आणि स्वल्पविराम उडवा, किंवा फंक्शनमध्ये शिरल्याबरोबर करा, पण एकाच जागी करा. आपल्याकडं आकडे टाइप करणारा पोरगा कधी मराठी कीबोर्डवर असतो कधी इंग्रजी, त्याला किती सांगणार.

फंक्शनच दिसत नाही असा एरर आला तर नव्वद टक्के वेळा नेमस्पेसचा पत्ता जुळत नसतो. आर्ग्युमेंट लिस्टमध्ये ऑब्जेक्ट जोडताना दिलेला पत्ता आणि स्टाइलशीटच्या वर प्रीफिक्ससाठी लिहिलेला पत्ता अक्षरशः सारखा पाहिजे, शेवटचा स्लॅशसुद्धा. मेथड पब्लिक पाहिजे. आणि छापलेल्या एचटीएमएलमध्ये तो विचित्र पत्ता दिसू नये म्हणून एक्स्क्लूड-रिझल्ट-प्रीफिक्सेसमध्ये प्रीफिक्स टाकून द्या. स्टाइलशीटच्या आतच स्क्रिप्ट ब्लॉकमध्ये सी शार्प लिहायचीही पद्धत आहे, पण ती सेटिंगमध्ये मुद्दाम चालू करावी लागते आणि नव्या डॉट नेटमध्ये, म्हणजे कोअरपासून पुढं, ती बंदच आहे, म्हणून तिकडं जाऊच नका.

फंक्शनमधून नोड परत द्यायचा असेल तर देता येतो, नॅव्हिगेटर किंवा इटरेटर परत करा. पण तो नोड दुसऱ्या फाइलमधला असेल, समजा फंक्शननं कास्तकारांची यादी वेगळी उघडून त्यातला एक नोड दिला, आणि तुम्ही त्याच्यावर फॉर-ईच लावलं, तर आत तुमचं जगच बदलतं. स्लॅशनं सुरू होणारा पाथ आता त्या यादीच्या मुळापासून चालतो, आणि की (key) वापरून काही शोधलं तर तेही त्याच यादीत शोधतं, पावतीच्या फाइलमध्ये नाही. फॉर-ईचच्या आधी जे लागेल ते व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, सिलेक्ट लावून.

दोन गोष्टी करू नका. फंक्शनच्या आत आलेल्या नोडमध्ये काही लिहू नका. एक्सपाथडॉक्युमेंटमधून आला असेल तर तसाही लिहू देत नाही, एक्सएमएलडॉक्युमेंटमधून आला असेल तर लिहू देईल, पण ट्रान्सफॉर्म चालू असताना पायाखालची फाइल बदलली की काय होईल ते सांगता येत नाही. आणि फंक्शनमध्ये पावती नंबरचा काउंटर ठेवू नका. मी ठेवला होता. एक्सएसएलटीत कोणतं फंक्शन कधी आणि किती वेळा चालेल याची हमी नसते, ज्या व्हेरिएबलचा वापरच झाला नाही त्याचं फंक्शन चालेलच असं नाही. नंबर फाइलमध्येच आधी टाकून घ्या.

तुम्ही शेवटी विचारलं की पुढं पायथनवर किंवा पीएचपीवर गेलो तर हे सगळं बदलेल का. पाव्हणा तोच, फक्त कपडे वेगळे. एलएक्सएमएलमध्ये फंक्शनचं पहिलं आर्ग्युमेंट कॉन्टेक्स्ट असतं आणि नोड-सेट पायथनची लिस्ट होऊन येतो, एकच नोड असला तरी लिस्ट, काहीच नसलं तर रिकामी लिस्ट, म्हणून "लिस्टला टेक्स्ट नाही" असा एरर तिथं सगळ्यांना येतो, तुमच्या मूव्ह-नेक्स्टचा तो चुलतभाऊ. पीएचपीत दोन वेगळी नावंच दिली आहेत, फंक्शन म्हटलं तर डॉम नोडचा अ‍ॅरे येतो, फंक्शन-स्ट्रिंग म्हटलं तर मजकूर, मला हे आवडतं, चिठ्ठी का पत्ता ते कॉल करतानाच लिहावं लागतं. तिथं फक्त रजिस्टर करताना कोणकोणती फंक्शनं चालतील त्यांची यादी द्या, मोकळं सोडलं तर स्टाइलशीट लिहिणारा पीएचपीचं कोणतंही फंक्शन चालवू शकतो. सॅक्सनमध्ये फुकटच्या आवृत्तीत जावाची मेथड नुसतं नाव घेऊन बोलावता येत नाही, फंक्शन रजिस्टर करावं लागतं, आणि त्यात आर्ग्युमेंटचा टाइप आणि किती नोड येणार, एक, शून्य किंवा एक, कितीही, हे आधी सांगावं लागतं. त्रास वाटतो, पण माझी ती तीन गाड्यांची पावती तिथं छापलीच गेली नसती, प्रोसेसरनं आधीच अडवलं असतं.

तर आता असं करा. अक्षरी रुपयांचं फंक्शन बाजूला ठेवा. आधी एक फालतू फंक्शन लिहा, काम:मोजणी, जे इटरेटर घेईल, फिरेल, आणि किती नोड आले आणि प्रत्येकाचं नाव काय तेवढंच परत देईल. ते गाडीवर चालवा, पावतीवर चालवा, कॉपीवाल्या व्हेरिएबलला नोड-सेट करून त्याच्यावर चालवा, तीन उत्तरं समोर छापून पाहा. मग काम:रक्कम(गाडी) लिहा, त्याचं उत्तर नंबर म्हणून घ्या, आणि तो नंबर काम:अक्षरीला द्या. अक्षरीला नोडशी काही घेणंदेणं नाही, त्याला चिठ्ठीच पुरते, त्यामुळं तेच फंक्शन उद्या ढेपीच्या बिलालाही लागेल. फक्त डबल झाल्यामुळं आत शिरल्याबरोबर पैशापर्यंत राउंड करून घ्या.

आणि तपासायला चार पावत्या बनवून ठेवा: एक तीन गाड्यांची वेगवेगळ्या भावांची, एक ज्यात मधल्या गाडीचा भाव नाही, एक ज्यात गाडीच नाही, आणि एक ज्यात वजन मराठी आकड्यात आहे. एका गाडीची बनवायची गरज नाही, ती नेहमी बरोबरच येते. बिनगाडीच्या पावतीवर काय छापायचं ते तुमच्या शेठजींना विचारून घ्या, "शून्य रुपये मात्र" छापलं की आमच्याकडं दिवाणजी चिडत होते, म्हणून मी तिथं ओळच गाळतो.